पांढऱ्या वर्दीतला फोटो

तेरवी होऊन चार दिवस झाले नाहीत, तोच शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष नानाजी देवकाबाईंच्या ओसरीवर येऊन टेकले. गुरुवारी शोकसभा होती आणि त्यांना देवकाबाईंच्या नवऱ्याचा, वासुदेवरावांचा फोटो हवा होता. साधा नाही, नेव्हीतला, पांढऱ्या वर्दीतला.

"आपल्या शाळेत नेव्हीचा अफसर शिकवून गेला, हे लोकायले दिसलं पाह्यजे, वहिनी. हॉलमध्ये कायमचा लावू."

देवकाबाई सुपातली तूर निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "फोटो देईन, भाऊजी. पण तो उलटा झेंडा त्यायनं बांधला नव्हता, एवढं सभेत बोलजा."

नानाजींनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "गेलेल्या माणसाचं वाईट काऊन उकरता?"

"वाईट तुमचं हाय. त्यायचं नाई."

वासुदेवराव लेफ्टनंट म्हणून निवृत्त होऊन सेलूजवळच्या आपल्या गावी परतले, तेव्हा गावाला समुद्राचं कौतुक महिनाभर पुरलं. इथं खोल पाणी म्हणजे विहिरीचं. मग ते शाळेत गणित-भूगोल शिकवू लागले, आणि दहा वर्षं दर पंधरा ऑगस्टला झेंडा त्यांनीच बांधला. घडीत झेंडूच्या पाकळ्या, वर अशी गाठ, की दोरीला एक हिसडा दिला की आधी फुलं आणि मागून झेंडा.

दोन वर्षांपूर्वी, एक्क्याऐंशी साली, नानाजींना नुकताच मास्तर म्हणून लावलेला पुतण्या ओमप्रकाश प्रमुख पाहुण्यापुढे मिरवायचा होता. झेंडा त्यानं बांधला. उघडला तो हिरवा वर, केशरी खाली. पाहुण्यानं तशाच झेंड्याला सलाम ठोकला. राष्ट्रगीत संपेपर्यंत वासुदेवराव ताठ उभे राहिले. मग कोणाला न विचारता पुढे गेले, झेंडा उतरवला, नीट बांधला, पुन्हा चढवला. पाहुणा हसला. नानाजींना ते हसू झोंबलं.

आठवडाभरात चिठ्ठी आली : वय झाल्यामुळे सेवा समाप्त. त्याआधीच बाजारात बातमी पोचली होती, जहाजवाल्या मास्तरनं झेंडा उलटा बांधला. खरं काय ते सगळ्या गावानं डोळ्यांनी पाहिलेलं. पण निम्म्यांची पोरं त्याच शाळेत. मास्तर भाजीला गेले की कोणीतरी विचारायचंच, "मास्तर, केशरी कोणीकडं असते जी?" पुढं पुढं भाजी देवकाबाईच आणायच्या, तीही मागच्या गल्लीनं.

"बोलतो म्हटलं ना," नानाजी उठता उठता म्हणाले. "शब्द देऊन राह्यलो, वहिनी."

देवकाबाईंनी पदरानं काच पुसून फोटो दिला.

सभेत त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. नानाजी अर्धा तास बोलले. समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, तरी लाटांवरच दहा मिनिटं काढली. शेवटी हात जोडून म्हणाले, "वय झालं की हातून लहानसहान चूक होतेच. पण आमी ती कधी मनात ठेवली नाई. आता दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून मास्तरायले श्रद्धांजली वाहू."

सगळे उभे राहिले. या शाळेत उभं राहायला वासुदेवरावांनीच शिकवलं होतं : नजर समोर, नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही. देवकाबाई हलल्या. मंचावर चढल्या, फोटोचा हार काढून नानाजींच्या पुढ्यात ठेवला. नानाजींचे डोळे मोठे झाले, पण जोडलेले हात सुटेनात. ओमप्रकाशनं एक पाय उचलला आणि जागच्या जागी ठेवला.

"झेंडा यायनं नव्हता बांधला," देवकाबाई म्हणाल्या. ओरडून नाही. गरजच नव्हती.

अख्ख्या हॉलनं ऐकलं. एक मान हलली नाही. तेव्हाही हलली नव्हती.

फोटो घेऊन त्या बाहेर पडल्या. दाराशी शाळेची घंटा देणारी सखूबाई उभी होती. हळूच म्हणाली, "बाई, मी पायलं होतं. ओमप्रकाशनंच बांधलता झेंडा."

"मंग दोन वर्सं बोलली काऊन नाई?"

सखूबाईनं घंटेकडं पाहिलं. तेवढ्यात आतून नानाजींचा आवाज आला, "सखूबाई, चहा आण वं!" आणि ती कपबशांकडं धावली.

देवकाबाईंनी फोटो पदराखाली घेतला नाही. छातीशी धरला, काच बाहेरच्या बाजूला, आणि बाजाराच्या रस्त्यानं निघाल्या.