वासाचा रकाना

गॅसवरचं दूध करपून पातेल्याचा तळ काळा झाला होता आणि बाबा ओट्यापासून दोन हातांवर उभे राहून वर्तमानपत्र वाचत होते. मी बाहेरच्या दारातूनच ओरडले, तेव्हा त्यांनी आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग गॅसकडे.

तापाच्या साथीत ते आठवडाभर अंथरुणावर होते. ताप गेला, अशक्तपणाही गेला, गेलेला वास मात्र परत आला नाही. आई दोन दिवसांसाठी मावशीकडे गेली होती. मी त्यांच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला आणि नाकाखाली एकेक वस्तू धरली.

"साबण," ते म्हणाले. कॉफीची पूड होती.

"हे?"

"कॉफी. आता तरी कॉफी असणार."

तो साबण होता. त्यांनी टॉवेल काढला, दोन्ही वस्तू पाहिल्या आणि हसले. "चला, तुझ्या आईच्या स्वयंपाकाबद्दलची माझी एक तक्रार कमी झाली. तिला सांगू नकोस, फुशारून जाईल."

दुसऱ्या कोणाच्या वडिलांचं हे झालं असतं तर एवढ्यावर भागलं असतं. माझे वडील मालवाहू जहाजावर चीफ ऑफिसर होते. कप्तानाच्या खालोखाल त्यांचा हुद्दा, आणि जहाजात भरलेल्या प्रत्येक कंटेनरची जबाबदारी त्यांची. मी शाळेत असताना एकदा डेकवर फेरी मारता मारता ते एका बंद कंटेनरपाशी थबकले होते. दाराच्या फटीला नाक लावलं आणि म्हणाले, आत ॲसिड सांडतंय. कागदावर तिथे रंगाचे डबे होते. दार उघडलं तर ॲसिडची तीन पिंपं फुटलेली. तेव्हापासून खलाशी त्यांना पाठीमागे 'नाकवाले साहेब' म्हणायचे. हे त्यांना ठाऊक होतं आणि आवडायचंही.

त्यांची एकच सफर उरली होती. साडेसात महिन्यांची, मग निवृत्ती. निघण्याआधी कंपनीचा प्रकृतीचा एक फॉर्म संगणकावर भरायचा असे. चष्मा सापडत नाही असं म्हणून त्यांनी तो मलाच भरायला बसवलं. चष्मा त्यांच्या खिशात होता, मला दिसत होता. रक्तदाब, साखर, ऐकू येणं, रंग ओळखणं. अकरावा प्रश्न होता : वास ओळखण्यात काही अडचण? हो, नाही.

मी थांबले.

"टाक की खूण," ते म्हणाले.

"कुठे?"

"अगं, मालाची कागदपत्रं असतात, धुराचे अलार्म असतात, पंचवीस माणसं असतात. नाकावर जहाज चालतं का?"

"मग तुम्हीच टाका."

"हो लिहिलं तर हे लोक मला पाठवणार नाहीत. घरी बसून मी काय करू? तुझ्या आईच्या कुंड्यांना हुकूम सोडू?" मग हळू आवाजात म्हणाले, "एकदा शेवटचं जाऊन येऊ दे. मला चेहऱ्यावरून कळतं गं. समोरच्याने नाक मुरडलं की मी मुरडतो. कोणाला पत्ताही लागत नाही."

मी 'नाही'वर खूण केली. मी प्रकाशनगृहात मुद्रितं तपासते. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हेच माझं काम.

पाचव्या महिन्यात जहाजाच्या तिसऱ्या होल्डमध्ये, म्हणजे पोटातल्या मालाच्या कप्प्यात, आग लागली. बाबा त्या आगीत गेले. बाकी चोवीस जण वाचले.

पुढच्या काही आठवड्यांत आम्हाला जे कळलं ते असं. एका कंटेनरच्या कागदावर फरशी पुसायची पावडर लिहिली होती. आत पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर होती. ती उबेत ठेवली की स्वतःच तापते, आणि पेटली की स्वतःचा प्राणवायू स्वतःच तयार करते. होल्ड बंद करून आत गॅस सोडायचा आणि आग गुदमरवायची, हा नेहमीचा उपाय तिच्यावर चालत नाही. तिला पाणीच लागतं, भरपूर आणि वेळेवर. बाबांनी कागदावर विश्वास ठेवून होल्ड बंद केला. आग वाढली. पाणी मारायला खाली गेलेले दोन खलाशी धुरात अडकले, तेव्हा श्वासाची टाकी पाठीवर बांधून ते त्यांना बाहेर काढायला उतरले. त्या दोघांना वर ढकललं. बाबांच्या टाकीतली हवा संपली.

खोटा कागद करणाऱ्यांवर वेगळा खटला सुरू झाला. जहाजावर काय चुकलं याची चौकशी वेगळी होती, आणि ती सारंगकाकांपाशी येऊन थांबली.

सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम. काका पंधरा वर्षं बाबांबरोबर होते. बाबा ज्या जहाजावर जात, त्यावर काकांना मागून घेत. बाबांची बॅग घेऊन तेच आमच्या घरी आले. आईने बॅग उघडली, शर्ट बाहेर काढला आणि लगेच आत ठेवून चेन लावली. खोलीभर पोहण्याच्या तलावाचा वास सुटला होता.

"हाच," काका म्हणाले आणि खोकायला लागले. ते बराच वेळ खोकत होते. मी पाणी दिलं. "हाच वास होता, वहिनी. आगीच्या सहा तास आधी. तीन नंबर होल्डची हवा जिथून बाहेर पडते, त्या व्हेंटपाशी. मी साहेबांना वॉकीटॉकीवर बोलावलं. साहेब आले, गुडघ्यावर बसले, व्हेंटला नाक लावलं. चांगलं मिनिटभर. म्हणाले, काही नाही रे, नव्या रंगाचा असेल."

"तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"मी काय म्हणणार, ताई? साहेबांनी हुंगून सांगितल्यावर माझ्या नाकाला कोण विचारतो? मलाच वाटलं, भास झाला."

"तुमच्या तोंडावर काही बांधलं होतं का?"

त्यांना प्रश्न विचित्र वाटला असावा. "फडकं होतं. डोळ्यांपर्यंत. सकाळपासून गंज खरवडत होतो ना. का?"

मी पाण्याचा रिकामा पेला उचलून घेतला.

"आता चौकशीवाले म्हणतात मी थापा मारतोय," काका म्हणाले. "नाकवाल्या साहेबांना असला वास येणार नाही, हे शक्यच नाही म्हणतात. म्हणजे मी कळवलंच नाही, आणि आता मेलेल्या माणसावर ढकलतोय. शेवटी होल्डमध्ये उतरताना साहेब मला म्हणाले होते, 'तू बरोबर होतास.' तेही सांगितलं मी. साहेब लोक एकमेकांकडे बघून हसले." त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली, पुन्हा उचलली. "समुद्रावर जाऊ देणार नाहीत ते सोडा. त्या धुराने जळलेल्या या फुप्फुसांनी मी तसाही काय जाणार! पण साहेबांच्या मरणाला मी कारण, असं कागदावर लिहिणार आहेत, वहिनी."

ते गेल्यावर आईने दार लावून घेतलं आणि पाठ तशीच ठेवून विचारलं, "यांना खरंच येत नव्हता का गं वास?"

"तुला माहीत होतं?"

"बत्तीस वर्षं संसार केलाय. माझी भाजी करपली आणि हा माणूस बोलला नाही, एवढं पुरे होतं." ती खुर्चीत बसली. "मला वाटलं, सांगायचं असेल तेव्हा सांगतील." थोड्या वेळाने म्हणाली, "तू काही बोलू नकोस. दोन पोरांना वाचवून गेले ते. एवढं तरी त्यांचं राहू दे."

"आणि काका?"

तिने बॅगेकडे पाहिलं. चौकशीच्या दिवशी सकाळी मात्र तिने माझा डबा भरून दिला. लहानपणी परीक्षेला देत असे तसा.

बंदराच्या कचेरीतली खोली लहान होती. लांब टेबल, भिंतीवर जहाजाचा उभा छेद दाखवणारा नकाशा, तिसऱ्या होल्डवर लाल पेन्सिलीचं वर्तुळ. चौकशी अधिकारी बाई माझ्या वयाच्या असतील. त्यांनी मृताच्या कुटुंबीयांना विचारायचे नेहमीचे प्रश्न विचारले. मग म्हणाल्या, "प्रकृतीची काही तक्रार?" आणि उत्तर लिहिण्याआधीच पेन पुढच्या ओळीवर नेला.

"त्यांना वास येत नव्हता," मी म्हणाले.

पेन थांबला.

"निघण्याआधी चार महिन्यांपासून. मी स्वतः तपासलं होतं."

त्यांनी फाईल उलटली, तो फॉर्म काढला, माझ्यासमोर ठेवला. अकरावा प्रश्न. "इथे 'नाही' आहे."

"हो."

"म्हणजे त्यांनी खोटी माहिती दिली."

"खूण मी केली आहे. त्यांनी सांगितली आणि मी केली."

"तुम्हाला कळतंय ना, हे नोंदलं तर अहवालात काय येईल? त्यांच्याबद्दल, आणि तुमच्याबद्दलही?"

"सारंग खरं बोलतायत," मी म्हणाले. "त्यांनी वेळेवर सांगितलं. वडिलांना तो वास येणं शक्य नव्हतं, आणि काकांचा चेहरा फडक्याने झाकलेला होता."

शेवटचं वाक्य त्यांना कळलं नाही. मी समजावून सांगितलं. त्यांनी सगळं लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं, एका ठिकाणी तारीख चुकली होती ती मी दुरुस्त केली. मग सही केली.

काका बाहेर बाकावर बसले होते. मी शेजारी बसून त्यांना सगळं सांगितलं, दुधापासून फॉर्मपर्यंत. ते मला दोन शब्द तरी सुनावतील अशी माझी तयारी होती. त्यांनी टोपी काढली, तिच्या आत पाहत राहिले.

"घरचे चार महिने आणि वर जहाजावरचे पाच," ते म्हणाले. "रोज सकाळी डेकवरची फेरी आम्ही बरोबर मारायचो, ताई."

"हो."

"मला सांगायचं ना त्यांनी. मी कोणाला बोललो असतो का?" त्यांना खोकला आला. त्यांनी तो मोठ्या कष्टाने दाबला. "मी हुंगलं असतं की त्यांच्यासाठी."

मी डबा उघडला आणि आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला. आईने दोन माणसांचं दिलं होतं.