जाते म्हण, म्हाळसा

"जाते म्हण!" थोरल्या सिस्टरने टेबलावर हात आपटला. "बेंगो नाही. बेंगो म्हणजे येते. तू घरी चालली. मे बोय म्हण. जाते!"

"दिवेलागणीला, आजारी माणसाच्या उंबऱ्यावर जाते म्हनू?" म्हाळसा उसळली. "दुश्मनालाबी कुणी म्हनत न्हाय. जीभ झडंल माजी." आणि आतल्या खाटेकडे बघून मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "बेंगो!"

बारामतीतल्या या मिशनच्या दवाखान्यात ती झाडलोटीला लागली होती. मग म्हातारी सिस्टर पिलार अंथरुणाला खिळली. इंग्रजी, मराठी सगळं विसरली. राहिली ती स्पेनमधली माहेरची भाषा. पेज घ्यायची ती फक्त म्हाळसाच्या हातची. म्हणून थोरल्या सिस्टरने म्हाळसाला ती भाषा शिकवली. पाणी, ऊन, दुखतंय का, सगळं तिनं झटक्यात उचललं. या एका क्रियापदावर मात्र ती अडून बसली.

फाटकावर झुंबर पहारेकरी हसला. "म्हनून टाका की, म्हाळसाबाई! स्पेनातल्या यमाला बारामतीचा रस्ता ठावं हाय व्हय?"

"आदी तू म्हन बायकूफुडं, घरनं निघताना. मग मला शिकीव."

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्या सिस्टरने तिला दारातच अडवलं. "तू बेंगो म्हणते, पिलारला वाटते तू आत्ता परत येणार. रात्रभर दाराकडे बघत बसते. पेज नाही, झोप नाही. रोज! आजपासून तुझं काम बंद."

म्हाळसाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हे आदी का न्हाय सांगितलं?"

"रोज सांगितलं. जाते म्हण!"

"त्यो हुकूम झाला. कारन कुठं सांगितलं? इंग्रज गेलं, हुकूम सोडनारी हितंच ऱ्हायली!"

गोरी असो की काळी, हुकूम सोडणाऱ्या जिभेला कारण सांगायची सवय नसते. म्हाळसा सिस्टरला बाजूला सारून आत गेली.

म्हातारी उशीला टेकून बसलेली, डोळे लाल. म्हाळसाला बघताच तिनं लेकरासारखं तोंड उघडलं. म्हाळसानं पेज भरवली. तोंड पुसलं. वाटी विसळून पालथी घातली.

उंबऱ्यावर तिचे पाय थांबले. काम गेलं; आता कळस गावी, दिराच्या दारात जाऊन उभं राहायचं. इथं पुन्हा पाऊल पडायचं नव्हतं.

"मे बोय," ती म्हणाली.

"बरोबर," सिस्टर म्हणाली.

"तुमी गप बसा."

म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं दारावरची नजर काढली, हातानंच उशी खाली ओढली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.