फाटकापर्यंत आलेला रेडिएटर

मी एक रेडिएटर बोलतोय. मोटारीतला नव्हे, कॉम्प्युटरमधला. मोटारीतला तो माझा थोरला चुलता. त्याला रस्ते बघायला मिळतात, वारा खायला मिळतो. माझ्या वाट्याला आला एक लोखंडी डबा, तोही टेबलाखालचा. पण माझी तक्रार नाही. त्या डब्याच्या उघड्या बाजूतून मी जे बघितलं, ते चुलत्याला सगळे रस्ते पालथे घालूनही दिसलं नसेल.

आधी माझं काम सांगतो. मी चपटा, काळा, लांबट. अंगात कागदासारख्या पातळ पट्ट्या, एका टोकाकडून निघालेल्या दोन नळ्या आणि त्या नळ्यांना जोडलेला वाटीएवढा पंप. कॉम्प्युटरचं डोकं म्हणजे प्रोसेसर. पंप त्याच्यावर घट्ट बसतो. डोकं तापलं की आतलं पाणी ती उष्णता उचलून माझ्याकडे आणतं, माझे पंखे हळू फुंकर घालतात आणि निवलेलं पाणी परत जातं. दिवसभर हेच. नुसत्या मोठ्या पंख्याने हे काम करायचं तर तो आरडाओरडा करतो. मी गप्प राहून करतो. लोक मला घेतात ते याच गुणासाठी.

कारखान्यात मला पाण्यात बुडवून, आत हवा भरून, कुठून बुडबुडा येतो का ते पाहिलं होतं. नाही आला. मग खोक्यात घातलं आणि मी एका दंतवैद्याच्या घरी गेलो. गृहस्थ मोठे मृदू. दिवसभर लोकांचे दात काढायचे आणि घरी येऊन कॉम्प्युटरवर लढाया खेळायचे. त्यांच्याकडे माझी काही वर्षं चांगली गेली. पुढे त्यांची पाठ धरली, बसणं बंद झालं, लढायाही संपल्या. त्यांनी मला पुसून, नळ्यांना गाठ पडू न देता, ओळखीतल्या एका बाईंना देऊन टाकलं.

त्या बाई म्हणजे सूनबाई. त्यांच्या घरात एक खोली आणि स्वयंपाकघर, एवढंच. नवरा छापखान्यात, सकाळी जायचा तो दिवेलागणीला यायचा. सूनबाई घरी बसून लहान मुलांसाठी हलती चित्रं करायच्या आणि त्याच खोलीत, टेबलासमोरच्या पलंगावर, सासूबाई असायच्या. बाथरूमच्या उंबऱ्यात पडून सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, टाके सुकले, डॉक्टर म्हणाले आता चाला. सासूबाई काही चालेनात. वॉकर भिंतीला टेकून उभा असायचा आणि त्याच्यावर टॉवेल वाळत असायचा.

सूनबाईंचा कॉम्प्युटर जुना. काढलेली चित्रं एकत्र गुंफून सिनेमा करायला बसला की त्याचा पंखा असा घोंघावायचा की पलंगावर सासूबाईंचा डोळा लागायचा नाही. त्या कधी बोलल्या नाहीत, पण कानांवर पदर घ्यायच्या. सूनबाईंना ते दिसायचं. हातात एका शेळीचा सिनेमा होता, चांगलं मोठं काम होतं. ते सोडता येत नव्हतं आणि दुसरी खोली तर नव्हतीच. म्हणून मला आणलं.

मला बसवायचा तो दिवस मी विसरणार नाही. सूनबाई जमिनीवर फतकल मारून बसल्या, कॅबिनेटचं झाकण काढलं आणि मला वरच्या बाजूला लावून पाहिलं. खालचे मेमरीचे तुकडे माझ्या पोटात रुतायला लागले. मग पुढच्या बाजूला धरलं, तर तिथे हार्ड डिस्कचा पिंजरा. तो खोलून बाहेर काढला, तेव्हा कुठे मी मापात आलो. माझे मूळचे स्क्रू दंतवैद्यांकडेच हरवलेले. सूनबाईंनी हार्डवेअरच्या दुकानातून दुसरे आणले होते. पहिला पिळायला घेतला आणि पलंगावरून आवाज आला.

"थांब गं. तो लांब आहे. सुई अस्तरातून आरपार जावी तसा जाईल."

सासूबाईंनी सारा जन्म शिवणकाम केलेलं. सूनबाईंनी स्क्रू माझ्या कडेशी धरून बघितला. खरंच, आणखी दोन आटे पिळले असते तर माझी पाण्याची वाट फुटली असती. त्यांनी प्रत्येक स्क्रूमध्ये दोन-दोन वॉशर घातले आणि हळूहळू, तिरके तिरके, एकेक आवळला. तेवढ्यात एक स्क्रू हातून सुटला आणि खडखडत कुठेतरी आत जाऊन बसला. सूनबाईंनी कॅबिनेट हलवलं, बोटं घातली, चिमटा घातला, शेवटी कपाळावर हात मारून घेतला. सासूबाईंनी उशाच्या डब्यातून टाचण्या गोळा करायचं लोहचुंबक काढलं आणि दोऱ्याला बांधून दिलं. स्क्रू लटकत वर आला. त्या घरातलं पहिलं हसू मी ऐकलं ते तेव्हा.

पंप बसवताना सूनबाईंनी प्रोसेसरवर उष्णता वाहून नेणाऱ्या पेस्टचा वाटाण्याएवढा ठिपका ठेवला आणि सासूबाईंनी पलंगावरून टॉर्च धरला. सगळं जागच्या जागी बसलं, फक्त माझ्या नळ्यांची कमान बाहेर आली आणि झाकण काही लागेना. सूनबाई म्हणाल्या, राहू दे उघडंच, हवा लागेल. असा मी पलंगाकडे तोंड करून, उघड्या पोटाने राहायला लागलो.

कॉम्प्युटर सुरू झाला. खोलीत आवाजच नाही. सासूबाईंनी विचारलं, "बंद पडलं का गं ते?"

त्या शांततेचं पुढे काय होईल हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. पंख्याच्या घोंघाटाने त्या दोघींची मोठीच सोय केली होती. बोलायला नको, ऐकायला नको. आता पान उलटलं तरी ऐकू यायचं. एका दुपारी सूनबाई शेळीचे कान रंगवत होत्या आणि त्यांच्या मागे कुणीतरी बारीक, दाबून रडत होतं. त्यांचा हात थांबला. हे आज पहिल्यांदा नाही, हे त्यांना लगेच कळलं. इतके दिवस ते घोंघाटाखाली चाललं होतं.

त्यांनी खुर्ची फिरवली. काय झालं, दुखतंय का, म्हणून विचारलं. सासूबाईंनी पदराने डोळे पुसले. मग म्हणाल्या, "मी पडेन याची भीती नाही गं. तुमच्या अंगावर पडेन याची आहे."

सूनबाईंनी हातातलं चित्र तसंच सोडलं. उठून पलंगावर त्यांच्या शेजारी बसल्या, एवढंच. पण दुसऱ्या दिवसापासून खुर्ची थोडी तिरकी राहायला लागली, दोघींना एकमेकींचं तोंड दिसेल अशी. सासूबाई पडद्यावरची चित्रं बघून चुका काढायला लागल्या. शेळीच्या मालकिणीचा घागरा त्यांना मुळीच पसंत नव्हता. एवढ्या घेराला अशी चुणी पडत नाही, कापड गिरकी घेताना आधी मागे राहतं आणि मग येतं, असं म्हणून त्यांनी आपल्या पदराने करून दाखवलं. सूनबाईंनी तो घागरा पहिल्यापासून पुन्हा केला. एकीकडे कापड धावायला शिकत होतं आणि कापड शिकवणारी बाई पलंगावर होती. वॉकरवरचा टॉवेल तसाच.

सिनेमा पुरा होत आला. सगळी चित्रं गुंफायला लावून सूनबाई औषधं आणायला खाली गेल्या. कॉम्प्युटर भरात होता, मी तापलो होतो. माझी नळी जुनी झालेली, पंपाच्या सांध्यापाशी रबर कडक पडलेलं. त्या दुपारी तो सांधा उलला आणि पाण्याचा एक थेंब बाहेर येऊन लोंबायला लागला. खाली बरोबर ग्राफिक्स कार्ड, पाणी लागलं तर जळणारं. मला ओरडता येत नाही. माझ्यासारख्याला गप्प राहण्याचा पश्चात्ताप होतो तो अशा वेळी.

सासूबाई माझ्याकडेच बघत होत्या. थेंब चमकला, फुगला आणि टपकला. त्याच्यामागे दुसरा आला. त्यांनी सुनेला हाक मारली. पुन्हा मारली. मग पाय खाली सोडले.

मी पाहिलं ते सांगतो. वॉकर हाताला येत नव्हता. त्यांनी पलंगाची कड धरली, मग कपाटाचं हँडल, मग काही नाही. मधली फरशी मोकळी होती. तिथे त्या क्षणभर नुसत्या उभ्या राहिल्या, ओठ घट्ट मिटून, दोन्ही हात पसरून, आणि मग आल्या. खुर्चीची पाठ त्यांच्या हाताला लागली. चाकांची खुर्ची ती, सरकली. त्या खुर्चीबरोबर सरकल्या, पण पडल्या नाहीत. वाकता येत नव्हतं म्हणून वायर धरून ओढली. प्लग निघाला, सगळं विझलं.

सूनबाई आल्या तेव्हा सासूबाई त्यांच्या खुर्चीत बसल्या होत्या, प्लग मांडीवर घेऊन.

"आई, तुम्ही इथे कशा आलात?"

"चालत. दुसरं काय वाहन आहे घरात?"

सूनबाई औषधांच्या पिशवीसकट खालीच बसल्या आणि सासूबाईंच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून रडल्या. सासूबाई त्यांना थोपटत म्हणाल्या की आधी ते पुस, रड मग. कार्ड पुसलं, वाळवलं, आणि ते चाललं. गुंफलेली चित्रं शाबूत होती. शेळीचा सिनेमा जरा उशिरा गेला, पण गेला.

माझ्या जागी नवा रेडिएटर आला. मला निथळायला खिडकीत ठेवलं होतं आणि तिथून मी भंगारात जाणार होतो. पण व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, आजी, रोज कुठपर्यंत चालायचं ते ठरवा. सासूबाईंनी बोट दाखवलं, "त्या खिडकीतल्यापर्यंत."

त्या रोज वॉकर घेऊन माझ्यापर्यंत यायच्या, माझ्यावर हात ठेवून दम खायच्या आणि परत जायच्या. ते सोपं वाटायला लागलं तेव्हा सूनबाईंनी मला स्वयंपाकघराच्या दारात ठेवलं. मग गॅलरीच्या टोकाला. मग जिन्याच्या वळणावर. वॉकर जाऊन काठी आली. त्यांचा मुलगा म्हणतो, आई अशीच चालत राहिली तर हा रेडिएटर एक दिवस गावाबाहेर जायचा.

आज मी इमारतीच्या फाटकाजवळच्या कट्ट्यावर आहे. काल भंगारवाल्याने मला उचलून वजन पाहिलं होतं. वॉचमन त्याला म्हणाला, ठेव ते, आजींचं आहे. भंगारवाल्याचा मला राग नाही. त्याच्याकडे मला जायचंच आहे, वितळून दुसरं काहीतरी व्हायचं आहे.

पण इतक्यात नको. तुम्ही या फाटकावरून जात असाल आणि कट्ट्यावर एक चपटी, काळी, नळ्या तुटलेली वस्तू दिसली, तर तेवढी उचलू नका. सासूबाई आत्ता जिन्यात असतील, कठडा धरून, एकेक पायरी. त्या निघाल्या आहेत.