सून परवडते

स्वयंपाक, धुणीभांडी उरकली की दोघी सुना घरामागच्या शेडमध्ये प्रेसवर बसायच्या. पत्र्याचा तुकडा साच्यात ठेवायचा, पायानं पेडल दाबायचं, वरून लोखंडी ठोकळा आपटला की डब्याचं झाकण तयार. त्याआधी हात बाहेर काढायचा, एवढंच काय ते शिक्षण.

त्या सकाळी आपोआप चालणारं यंत्र विकायला एक गृहस्थ आले होते.

"हिशेब मला शिकवू नका," सासरे त्यांना म्हणाले. "कामगार ठेवला की पगार, सुट्टी, वर बोट गेलं तर भरपाई. यंत्र घेतलं की हप्ते. सून आणली की दोन वेळचं जेवण, तेही तीच रांधते. परवडेल ते वापरायचं. धंदा आहे हा, धर्मशाळा नव्हे!"

पाहुणे खो खो हसले. चहा ठेवणाऱ्या थोरलीच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती. ते दिसल्यावर त्यांचं हसू आवरलं, पण चहा त्यांनी संपवला.

शेडमध्ये धाकटी पेंगत होती. ऑर्डरची घाई, त्यामुळे झोप अर्धीच झालेली.

"ताई, डोळ्यांवर झापड येतेय गं."

"मग गाणं म्हण. हळू म्हण मात्र, नाहीतर पत्रा फाटेल."

धाकटी हसली. तेवढ्यात दारातून सासरे कडाडले, "दात काय काढताय? हात चालवा!" ती दचकून वळली आणि पाय पेडलवर पडला. ठोकळा खाली आला आणि आपल्या चालीनं वरही गेला. साच्यात तिची चार बोटं राहिली. तिच्या किंकाळीनं शेड हादरली, रक्त थोरलीच्या तोंडावर उडालं. हाताला लागेल ते फडकं घेऊन थोरलीनं तिचं मनगट आवळून धरलं.

"दारात सापडला हात," सासऱ्यांनी दवाखान्यात सांगितलं. धाकटीचा नवरा जमिनीकडे बघत राहिला. बाकावर बसल्या बसल्या सासरे थोरल्या मुलाला म्हणाले, "हिचा आता काय उपयोग? तिसऱ्याचं लग्न ठरलंच आहे, ते लवकर उरकून टाकू. ऑर्डर खोळंबलीय."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिली. "दार नव्हे, डॉक्टर. प्रेस."

घरी आल्यावर सासऱ्यांनी तिला पट्ट्यानं फोडून काढलं. थोरला तिथंच होता. त्यानं बापाचा हात धरला नाही, खिडकी मात्र लावून घेतली, शेजारी ऐकतील म्हणून.

सकाळी सुजलेलं तोंड घेऊन ती तिसऱ्याशी ठरलेल्या मुलीच्या घरी गेली. काहीएक न लपवता सगळं सांगितलं, हात दाखवला. मुलीच्या बापानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पण मुलगा निर्व्यसनी आहे ना?"

"मग तुम्हीच बसा त्या प्रेसवर!" मुलगी कडाडली. "मी नाही जायची."

थोरली परतली तोवर ही बातमी घरी पोचली होती. सासरे लोखंडी गज घेऊन शेडमध्ये उभे होते.

"मीही बसणार नाही," ती म्हणाली. "मारा. बघू मग ऑर्डर कोण पुरी करतं."

गज वर गेला आणि वरच थांबला. दया आली म्हणून नव्हे. मेलेली सून झाकणं काढत नाही, एवढं गणित सासऱ्यांना पक्कं येत होतं. त्यांनी गज भिरकावला. "जा मसणात! मीच काढतो."

ते प्रेससमोर बसले. साच्याकडे बघितलं, हात पुढे केला, मागे घेतला. मग उठून माळ्यावर चढले आणि धूळ खाल्लेलं एक खोकं घेऊन उतरले. आत लोखंडी जाळी होती, वेष्टनसुद्धा न फाडलेली. साच्यात हात असला की ठोकळा खालीच येऊ नये, म्हणून प्रेससोबत आलेली. ती लावली की झाकणं कमी निघतात, म्हणून इतकी वर्षं माळ्यावर पडलेली.

"ही घरात होती?" थोरलीनं विचारलं.

"बडबड नको, पाना कुठंय?" म्हणत सासरे फळीकडे वळले. तिनं जाळी उचलली आणि ती चालू लागली. मागून शिव्या आल्या, गजही आला, खांद्याला लागला. ती थांबली नाही. पोलीस चौकीत शिरून तिनं जाळी टेबलावर ठेवली.

"हे काय आणलंय, बाई?" हवालदारानं विचारलं.

"आम्हा दोघी जावांची सहा बोटं," ती म्हणाली. "लिहून घ्या."