उजव्या गुडघ्याचा पट्टा

मित्रांनो, माझी आठवण कोणाला आनंदाने येत नाही. मी गुडघ्याला बांधायचा एक जुना काळा पट्टा आहे. ज्या घरात मी जातो, तिथे माझ्याआधी काहीतरी वाईट घडून गेलेलं असतं. म्हणून माझी गोष्ट सांगायची, तर मला प्रीतमची गोष्ट सांगावी लागेल.

रबरासारख्या जाड कापडातून मला कापलं. दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्या घातल्या आणि मधोमध दारांना असतात तशा लहानशा बिजागऱ्या बसवल्या. गुडघ्याच्या वाटीच्या जागी एक गोल भोक ठेवलं. चार बंद लावले, ते दाबले की चिकटायचे आणि ओढले की चर्रकन सुटायचे. एका बाईने माझी शेवटची शिवण मारली. तेव्हा ती शेजारणीशी भाजीच्या भावाबद्दल बोलत होती. आपण कोणासाठी शिवतो आहोत, हे तिला ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं.

पुढे मी अमरावतीच्या एका दुकानात आलो. तिथे व्हीलचेअर, कमरेचे पट्टे, काठ्या असं सगळं मिळायचं. शालिकराम नावाचे मालक होते. त्यांनी मला काचेमागे एका प्लास्टरच्या पायावर चढवलं. मांडीपासून घोट्यापर्यंतचाच पाय होता तो. आम्ही दोघं रस्त्याकडे तोंड करून उभे असायचो. समोरून ऑटो जायचे, कॉलेजची पोरं जायची. तो पाय कायम गार असायचा. तो कधी वाकला नाही, की मला माझ्या बिजागऱ्यांचा उपयोग कळला नाही. माझा जन्म असाच जाणार, असं मला वाटू लागलं होतं.

एके दिवशी एक मुलगा लंगडत दुकानात आला. दुसऱ्याने त्याला काखेतून धरलं होतं. लंगडणारा प्रीतम, धरणारा शाकीब. दोघंही अकोल्याचे. अमरावतीत एकाच कॉलेजात शिकायचे, एकाच खोलीत राहायचे आणि एकाच संघात फुटबॉल खेळायचे. शालिकरामजींनी टेपने प्रीतमची मांडी मोजली, मला काचेमागून काढलं आणि त्याच्या उजव्या गुडघ्याला बांधलं. पहिल्यांदा मला जिवंत पायाची ऊब लागली. गुडघा सुजून गरम झाला होता आणि आतून थरथरत होता.

त्याला काय झालं होतं, ते मी मागाहून ऐकलं. पावसाळा सरला की आमच्या वऱ्हाडातली काळी माती वाळते आणि भेगाळते. वरून गवत हिरवं दिसतं, खाली बूट अडकेल एवढी भेग असते. प्रीतम उजव्या कडेने धावणारा खेळाडू. तो अंगाने किरकोळ होता, पण एकदा रेषेला लागला की मागच्याला त्याचा शर्टसुद्धा धरता येत नसे. त्या दिवशी सरावात तो वळला आणि त्याचा पाय भेगेतच राहिला. गुडघ्यातला अस्थिबंध अर्धा फाटला. डॉक्टर म्हणाले, "पूर्ण हंगाम खेळायचं नाही. पट्टा बांध, व्यायाम कर. घाई केलीस तर उरलेलाही जाईल."

प्रीतमने मान डोलावली. विद्यापीठाच्या संघाची निवड त्याच हंगामात होती. ते मान डोलावणं खरं नव्हतं, हे मला जाणवलं, कारण त्याच वेळी त्याने मांडीचा स्नायू माझ्या आत घट्ट आवळला होता.

त्यानंतर आम्ही दोघं रोज संध्याकाळी मैदानावर जायचो. बाकीचे खेळायचे आणि प्रीतम कडेला बसून त्यांच्या बॅगा सांभाळायचा. कोणी घड्याळ आणून द्यायचं, कोणी मोबाइल. पाण्याच्या बाटल्या भरून ठेवायचं कामही हळूहळू त्याच्याकडेच आलं. संघाला शिकवणारे सर म्हणायचे, "पट्ट्यानं बाकी कमाल केली. पोरगं सरळ चालू लागलं." हे माझं पहिलं कौतुक. मी फुगून गेलो. पण प्रीतम त्या कौतुकाला हसला नाही. चेंडू बाहेर येऊन त्याच्या पायाशी थांबला की तो डाव्या पायाने हळूच परत ढकलायचा. आणि प्रत्येक वेळी माझ्या आतला उजवा गुडघा आधी हलायचा.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा उपांत्य सामना आला. दोन्ही संघ बरोबरीत होते. खेळ संपत आला असताना आमच्या एका खेळाडूच्या पोटरीत गोळे आले. राखीव खेळाडू आधीच वापरून झाले होते. यादीत फक्त प्रीतमचं नाव उरलं होतं, तेही संघाचा म्हणून मान ठेवायला घातलेलं. सरांनी कर्णधाराकडे पाहिलं. कर्णधार शाकीब होता.

शाकीब धावत कडेला आला. "येतो का रे? दहा मिनिटं खेळायचं हाय फक्त. तू कडेला नुसता उभा राह्यला तरी समोरच्या टीमचे दोघं तुह्यामागं येतीन."

प्रीतम उठून उभा राहिला. पंचांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हे लोखंड चालणार नाही. दुसऱ्याला लागेल. काढ."

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तेव्हा बोललो असतो. प्रीतमने खाली वाकून चारही बंद ओढले आणि मला बॅगांच्या ढिगावर टाकलं. त्याच्या पायाची ऊब माझ्यात अजून तशीच होती.

मी पडल्या जागेवरून पाहिलं. तो सुरुवातीला खरोखर उभाच राहिला. मग एक चेंडू रेषेलगत आला आणि तो धावला. पूर्वी धावायचा तसाच. मागच्याला चुकवून त्याने चेंडू आत टाकला, शाकीबने डोक्याने जाळ्यात घातला. सगळा संघ शाकीबच्या अंगावर जाऊन पडला. मैदानाच्या त्या टोकाला आरडाओरडा, नाच, मिठ्या. आणि या टोकाला प्रीतम गवतावर गुडघा छातीशी धरून पडलेला. तो ओरडत नव्हता. रेषेवरच्या पंचाने झेंडा वर करून हलवला, तेव्हा कुठे सगळ्यांचं लक्ष गेलं.

आमचा संघ जिंकला. प्रीतमचा अस्थिबंध पूर्ण तुटला होता, हाडांमधली गादीही फाटली होती. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी त्याला समोर बसवून सांगितलं, "चालशील, जिने चढशील, गाडी चालवशील. फुटबॉल मात्र आता नाही." प्रीतमने या वेळी मान डोलावली नाही. तो टेबलावरच्या काचेखालच्या कॅलेंडरकडे पाहत राहिला.

मी पुन्हा त्याच्या पायावर चढलो आणि आम्ही अकोल्याला त्याच्या घरी आलो. त्याचे वडील जानराव वीज कंपनीत लाइनमन. आई केशरबाई घर पाहायची आणि गल्लीतल्या बाळंतिणींच्या लेकरांना न्हाऊ घालायची. पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरून गेलं. संघातली पोरं आली, सर येऊन गेले, नातेवाईक नारळपाणी घेऊन आले. सगळे मला हात लावून पाहत. दुसऱ्या आठवड्यात दोघं आली. पुढे फोन येत राहिले, मग तेही विरले. शाकीब तर एकदाही आला नाही. त्याची विद्यापीठाच्या संघात निवड झाली. तो फोटो संघाच्या ग्रुपवर आला. प्रीतमने तो बराच वेळ पाहिला, त्याखाली अभिनंदन लिहिलं आणि ग्रुप सोडला. कोणी विचारलं नाही, का सोडला.

मग अकोल्याचा उन्हाळा सुरू झाला. तुम्हाला तो माहीत असेल तर मी काय सांगू. कूलर गरम हवा फेकायचा. माझ्याखाली प्रीतमच्या कातडीवर घामोळं उठायचं.

"लय खाजते का रे?" केशरबाई विचारायची.

"नाही."

"खोटं काहून बोलतं? सोड तो थोडा. हवा लागू दे."

ती मला बादलीत साबणाच्या पाण्यात बुचकळायची, बंदांमधले केस वेचून काढायची आणि दोरीवर सावलीत वाळत घालायची. एकदा शेजारणीने कुंपणापलीकडून विचारलं, "हे काय वाळू घातलं व, केशरबाई?"

"माह्या पोराचा गुडघा हाय तो," ती म्हणाली.

मित्रांनो, मला आयुष्यात पुष्कळांनी हाताळलं. पण एवढा मान कोणी दिला नाही.

प्रीतम मात्र दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचा. व्यायाम करायचा, तो सांगितला म्हणून. जेवायचा, ताट समोर आलं म्हणून. मी त्याच्या सर्वांत जवळ होतो, तरी त्याच्या मनात काय चाललंय ते मला कळत नव्हतं. गुडघा कसा धरायचा ते मला माहीत होतं. बाकीचा माणूस कसा धरायचा, ते मला कोणी शिकवलं नव्हतं.

एका सुटीच्या दुपारी जानराव उकडलेल्या शेंगांची परात घेऊन त्याच्याजवळ सतरंजीवर बसले. ते मुळात कमी बोलणारे. काही शेंगा सोलल्यावर म्हणाले, "मी तुहा खेळ कवाच पाह्यला नाही. मले सांग बरं, तू कुठी उभा राहे?"

प्रीतमने कूस बदलली. मग तो कोपरावर उठला आणि शेंगा मांडू लागला. हा गोलकीपर, हे मागचे चार, हा शाकीब. उजव्या कडेला त्याने एक बारकी शेंग ठेवली.

"हा मी."

"अस्सं. आन चेंडू इकून आला त?"

प्रीतम बोलू लागला. कोण कुठे पळतं, मागच्याला कसं फसवायचं, शाकीब कोणत्या खांद्यावरून मागे पाहतो. कितीतरी महिन्यांत तो एवढं बोलला नव्हता. केशरबाई दारात येऊन उभी राहिली होती, ते दोघांनाही कळलं नाही. बोलता बोलता तो त्या सामन्यावर आला, शेवटच्या पासवर आला आणि थांबला. बारकी शेंग उचलून त्याने सतरंजीच्या बाहेर ठेवली. मग तो रडला. जानरावांनी त्याला थोपटलं नाही, समजावलं नाही. ते परातीजवळ तसेच बसून राहिले. कामावरून बोलावणं आलं, तरी उठले नाहीत.

पावसाळ्यापर्यंत प्रीतम माझ्याशिवाय चालू लागला. माझी गोष्ट अशीच असते. माझं काम चांगलं झालं, याचा अर्थ मी नकोसा झालो. त्याने मला दिवाणाखाली सरकवलं. मला राग आला नाही, पण खूप एकटं वाटलं. वरून त्याची पावलं ऐकू यायची. उजवं पाऊल किंचित उशिरा पडायचं. तो घरूनच अभ्यास करून बी.कॉम. झाला आणि बँकेच्या परीक्षेच्या क्लासला जाऊ लागला. वाटेत एक मैदान होतं, म्हणून तो लांबच्या रस्त्याने जायचा, असं केशरबाई एकदा जानरावांना सांगत होती.

अशातच एके दिवशी दारात शाकीब आला.

"माह्या बहिणीचा अपघात झाला," तो उभ्यानेच म्हणाला. "इफ्फतचा. स्कूटी घसरली. तुह्यासारखंच, उजव्या गुडघ्याचं. म्हणलं, तुह्याजवळ तो पट्टा असन त..."

प्रीतम म्हणाला, "पट्टा दुकानात भेटते."

"माहीत हाय."

"मग इथं काहून आला?"

शाकीब खाली बसला. "दुसरं काय निमित्त आणू? मीच बोलावलं होतं तुले त्या दिवशी. कितीदा तरी तुह्या गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन वापस गेलो. तुह्यासमोर येऊन काय बोलू, तेच सुचे नाही."

"तू बोलावलं म्हणून नाही गेलो मी," प्रीतम म्हणाला. "मले जायचंच होतं. कोणी नसतं बोलावलं, तरी गेलो असतो." मग तो म्हणाला, "आन तुले बोलायचं नव्हतंच काही. नुसतं येऊन बसायचं होतं."

केशरबाईने चहा आणून ठेवला, तो निवून गेला.

प्रीतमने वाकून मला दिवाणाखालून ओढलं. वाकताना त्याचा गुडघा कटकन वाजला. त्याने मला स्वतः धुतलं. दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन शाकीबच्या घरी गेला आणि खालचा बंद आधी लावायचा, वरचा शेवटी, हे त्याने इफ्फतला समजावून सांगितलं. ती चिडलेली होती. तिला पोलीस भरतीची परीक्षा द्यायची होती, धावायचं होतं. "मी किती दिवसांत पळन?" तिने विचारलं. प्रीतम म्हणाला, "मले नाही माहीत. डॉक्टर जे सांगन ते ऐकजो. मी नव्हतं ऐकलं."

इफ्फतकडेही पहिल्या आठवड्यात गर्दी झाली आणि मग ओसरली. प्रीतम मात्र दर रविवारी येत राहिला. बहुतेक वेळा तो फारसं बोलायचा नाही. ती पाय उचलण्याचे व्यायाम करायची आणि तो खुर्चीत बसून आपली परीक्षेची पुस्तकं वाचायचा.

इफ्फत आता माझ्याशिवाय चालते. ती पळू शकेल की नाही, हे अजून कोणी सांगितलेलं नाही. प्रीतम फुटबॉल खेळत नाही आणि खेळणारही नाही. ते दुःख कमी झालं का, मला ठाऊक नाही. मी आता त्याच्या पायावर नसतो. माझे बंद नीट चिकटत नाहीत, एक बिजागरी करकरते. मी इफ्फतच्याच घरातल्या कपाटात गोधड्यांमागे पडून असतो.

मित्रांनो, तुमच्या संघातलं कोणी पडलं, तर त्याला घाईने मैदानात बोलावू नका. आणि त्याच्याकडे जायचं असेल, तर सगळे येऊन गेल्यानंतर जा. घर रिकामं होतं, फोन वाजायचा थांबतो, तेव्हा जा. काय बोलावं, या विचाराने दारातून परत फिरू नका. मी एक पट्टा आहे. कोणी बांधून नेल्याशिवाय मला कोणाकडे जाता येत नाही. तुम्हाला चालत जाता येतं.