शेवटची चिठ्ठी

काकूंनी सरांच्या पाठीशी दुसरी उशी सरकवली, चष्मा त्यांच्या नाकावर बसवला आणि म्हणाल्या, "बघा कोण आलंय. तुमची भांडखोर विद्यार्थिनी."

सरांचा उजवा हात पांघरुणावर पडून होता, तो हलला नाही. डाव्या हाताने त्यांनी खुर्ची दाखवली.

ती बसली. मांडीवर पर्स, पर्समध्ये सहा फोटो. बावीस वर्षं हे गृहस्थ तिच्याशी बोलले नव्हते, आणि आज ती त्यांना एवढंच सांगायला आली होती: सर, मी चुकले, तुमचं बरोबर होतं. डॉक्टरांनी जेमतेम आठवडा दिला होता. त्याआधी हे त्यांच्या कानावर पडायलाच हवं होतं.

भांडण कशावरून, तर बोटाच्या पेराएवढ्या, बिनशंखाच्या समुद्री गोगलगायींवरून. काही तांबड्या काठाच्या, काही पिवळ्या. सर म्हणायचे, सगळ्यांची प्रजाती एकच. तिने त्यांच्या जिभेवरचे दात तपासले. तांबडीचे रुंद, पिवळीचे सुईसारखे. झालं, तिने पिवळ्यांची वेगळी प्रजाती केली, तिला नवं नाव दिलं आणि सरांना न दाखवता निबंध छापूनही टाकला. ते त्यांच्या जिव्हारी लागलं. बाकी सगळ्यांनी तिचंच मानलं.

आणि गेल्या वर्षी प्रयोगशाळेच्या टाकीतल्या तांबड्यांना नेहमीचा स्पंज, त्या खातात तो समुद्री जीव, मिळेना, म्हणून तिने दुसऱ्या जातीचा खायला घातला. दोन महिन्यांत काठ पिवळे झाले. दात काढून पाहिले, तर सुया. खाणं बदललं की दात बदलत होते, एवढंच होतं ते. पर्समधले फोटो त्याच दातांचे होते.

"सर, एक सांगायचं होतं."

"आधी माझं ऐक." शब्द तोंडाच्या एका बाजूने घसरत येत होते. "तुझंच बरोबर होतं. दात मीही तपासले. तीनशे गोगलगायींचे. अगं, दाखव हिला."

काकूंनी कपाट उघडलं. बरण्याच बरण्या. प्रत्येकीत चिठ्ठी, चिठ्ठीवर सरांचं टपोरं अक्षर, आणि पिवळ्यांच्या प्रत्येक चिठ्ठीवर तिने दिलेलं नाव.

"घरात माणसं दोन आणि या बाया तीनशे," काकू म्हणाल्या. "तुला पत्र पाचदा लिहिलं आणि पाचदा फाडलं. हट्टी माणूस."

"आणि सरांचा ग्रंथ?" तिने विचारलं. या एका प्रजातीवरची नऊशे पानं. ती शिकत होती तेव्हापासून सर तो लिहीत होते.

"रद्दीत दिला," सर म्हणाले. "पायाच चुकलेला. ठेवून करायचं काय?"

"त्या दिवशी जेवले नाहीत," काकू म्हणाल्या. "मग म्हणाले, पोरगी माझ्याच हाताखाली शिकली ना, मग झालं तर. तेवढ्यावर दिवस काढले हो यांनी."

तिचा हात पर्सच्या चेनवर होता. तिने चेन ओढून बंद केली. तिला स्वतःची किळस आली. या माणसाची सगळी हयात तिने रद्दीवाल्याच्या तराजूत घातली होती, आणि तो तिच्याकडे कौतुकाने बघत होता.

"तुझं काय होतं?" सरांनी विचारलं.

"काही नाही. भेटायलाच आले होते."

"मग एक काम कर. एक बरणी राहिलीय, हात गेला त्या दिवशीची. तिची चिठ्ठी तू लिही."

काकूंनी दौत, टाक आणि कागदाची पट्टी आणून ठेवली. बरणीतली गोगलगाय पांढरीफटक पडली होती. स्पिरिटमध्ये रंग राहत नाही, काठ तांबडा होता की पिवळा ते आता कुणालाच सांगता आलं नसतं.

"पिवळी होती," सर म्हणाले.

तिने नाव लिहिलं. सरांनी पट्टी डोळ्यांपुढे धरायला लावली, अक्षर न् अक्षर वाचलं आणि मान हलवली.

तिने फुंकर घालून शाई वाळवली, चिठ्ठी बरणीत सोडली आणि झाकण घट्ट लावलं. पहिल्याच आठवड्यात सरांनी शिकवलं होतं, चिठ्ठी याच शाईने लिहायची. ही कधी पुसली जात नाही.