बिभीषण सरांच्या टाकीतलं शेवाळ

मुनीबने शर्टाची बाही खांद्यापर्यंत गुंडाळली, हात माशांच्या टाकीत घातला आणि मागच्या लाकडावरचं एक पान देठासकट खुडून बाहेर काढलं. पानाच्या कडेला काळ्या केसांसारख्या शेवाळाची दाट झालर आली होती. अंगठ्याच्या नखाने त्याने ती खरवडून पाहिली. निघाली नाही. निघणार नव्हतीच, आणि ते त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

"काय म्हणता मुनीबभाई?" मागून बिभीषण सरांनी विचारलं. "जाईल ना हे?"

"बघू सर. लई पसरलंय."

तोंड टाकीकडे होतं म्हणून बरं, कारण त्याला हसू आवरत नव्हतं. गारखेड्यात गणिताचे क्लास घेणाऱ्या सरांच्या हॉलमध्ये ही चार फुटी टाकी एके काळी त्यानेच उभी केली होती. पुढे बारीक गवताचा गालिचा, मधे झाडासारखं फांद्या फुटलेलं लाकूड, त्याच्यावर मॉसच्या मऊ गाद्या आणि त्यांतून फिरणारे चिमुकले निऑन मासे. घरी आलेला पाहुणा आधी टाकीपुढे उभा राहायचा, चहाला नंतर बसायचा. आज त्या सगळ्या हिरवळीवर कुणी तव्यामागची काजळी झटकल्यासारखं झालं होतं. मुनीबच्या डोळ्यांचं पारणं फिटलं.

हे शेवाळ त्यानेच या घरात धाडलं होतं.

दोन वर्षांपूर्वी, मुनीब टाकीची साफसफाई करून गेला त्याच दिवशी, संध्याकाळपर्यंत सरांचे सगळे मासे उलटे झाले. सरांनी मेलेले मासे स्टीलच्या ताटात मांडले, फोटो काढला आणि शहरातल्या मासे पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली मुनीबचं नाव घालून लिहिलं, की याला घरात घेऊ नका. पंधरवड्यात मुनीबची सगळी गिऱ्हाइकं गळाली. सिडकोतलं भाड्याचं दुकान सोडून तो पडेगावच्या घरी आला आणि गच्चीवरच्या टबांत पाण्यातली रोपं वाढवू लागला. ती रोपं धम्मपाल आपल्या मासे-रोपांच्या दुकानात विकायला ठेवायचा. मुनीबचं नाव ऐकलं की गिऱ्हाईक हात आखडतं, म्हणून नाव न सांगता ठेवायचा. संबंध ग्रुपमध्ये मुनीबशी बोलणारा तेवढा एकच माणूस उरला होता.

तेही मुनीबने गिळलं असतं. पण महिन्याभराने सरांची बायको, अक्षदावहिनी, त्याला बाजारात भेटली आणि मान खाली घालून म्हणाली, "भाऊ, तुमची चूक नव्हती. त्या दिवशी झुरळांचं औषध मारायला माणसं आलती. हवेचा पंप चालूच राहिला, सगळं औषध पाण्यात ओढलं त्यानं. ह्यांना कळलंय, पण ह्यांच्या तोंडून निघत नाही."

कळलंय, पण निघत नाही. हे शब्द मुनीबच्या काळजात काट्यासारखे मोडून बसले. चूक झाली असती तर माफ करता आली असती. पण चूक कळूनही हा माणूस दर रविवारी मजेत धम्मपालच्या दुकानात जातो, रोपं निवडतो, गप्पा छाटतो, आणि आपण गच्चीवर तोंड लपवून बसायचं? त्याने दीड वर्ष दम धरला. मग एका टबात, गच्चीच्या कोपऱ्यात, त्याने हे काळं शेवाळ मुद्दाम वाढवलं. जाड पानांचं एक रोप लाकडाच्या सुरेख तुकड्यावर बांधलं आणि शेवाळाचे चार-दोन धागे मुळांच्या आत, दिसणार नाहीत असे दडवले. लाकूड धम्मपालला देताना तो सहज बोलावं तसं बोलला, "बिभीषण सरांना असली चीज आवडते. पुढे ठेव." धम्मपालला बिचाऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं.

एकच धास्ती होती. नवं रोप टाकीत घालण्याआधी पंधरा दिवस वेगळ्या बादलीत ठेवायचं, मगच घालायचं, हा नियम सरांना मुनीबनेच शिकवला होता आणि सर तो परीक्षेच्या वेळापत्रकासारखा पाळत. बादलीत पंधरा दिवसांत शेवाळ डोकं वर काढणार आणि सर लाकूड फेकून देणार. पण तीन महिन्यांनी काल सरांचा फोन आला. आवाज पडलेला होता, टाकीत काळं शेवाळ झालंय, बघायला या म्हणाले. शेवाळ बादलीतून निसटलं कसं याचं मुनीबला नवल वाटलं, पण सुटलं ते सुटलं, असं म्हणून त्याने जास्त विचार केला नाही.

आज तो टाकी बरी करायला आलाच नव्हता. ती मोडायला सांगायला आला होता.

"उजेड किती तास ठेवता?" त्याने विचारलं.

"दहावरनं सहावर आणला. रोपांना सोडायच्या गॅसची बाटली बदलली. पाणी दर आठवड्याला अर्धं बदलतो." सर स्टूल ओढून जवळ बसले. "नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, पहिला ड्रम टाकीचा भरतो, मग घरचा. अक्षदा म्हणते, माशांनी आंघोळ करायची आन् आम्ही बघायचं."

एरवी मुनीब हसला असता. त्याने पान सरांच्या समोर धरलं.

"सर, खोटं सांगत नाही. आता उपाय नाही. टाकी मोडा. माती, रोपं, सगळं फेका."

खोटंच होतं ते. उपाय होता. दोन-तीन आठवडे रोज एकेका पानामागे लागलं असतं, तर पाऊण टाकी वाचली असती.  सरांनी काचेवर पंजा ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. मुनीब त्यांच्याकडे बघत होता. हा क्षण त्याने गच्चीवर किती वेळा रंगवला होता, आणि तो हुबेहूब तसाच आला होता.

"सगळं फेकू," सर शेवटी म्हणाले. "पण धम्मपालकडनं आणलेलं हे मागचं लाकूड नको. हे तुमच्या हातचं हाये."

मुनीबच्या हातातलं पान पाण्यात पडलं.

"माझ्या?"

"आता लपवता काय?" सरांनी बाही न दुमडताच हात घालून लाकूड उचललं आणि उलटं केलं. मुळांच्या खाली सुती दोऱ्याची एक चपटी गाठ होती, दोन्ही टोकं एकमेकांच्या पोटात शिरलेली. "सगळा बाजार रोपं डिंकानं चिकटवतो, नाहीतर प्लॅस्टिकनं आवळतो. अशी गाठ अख्ख्या शहरात एकच माणूस मारतो. तुम्हीच सांगितलं होतं, आजोबा हिमरूचं कापड विणायचे, तुटलेला धागा असा जोडायचे म्हणून."

मुनीब गाठीकडे बघत राहिला. शेवाळ कुठे दडवायचं याचा त्याने महिनाभर विचार केला होता. गाठीचा विचार त्याला शिवलाही नव्हता, ती त्याची बोटं आपोआप मारत.

"दुकानात हातात घेतलं, उलटं केलं आन् वळखलं," सर म्हणाले. "धम्मपाल काही बोलला नाही, मीबी विचारलं नाही. म्हटलं, मुनीबनं पाठवलंय. मनातलं काढून टाकलं असंल, म्हणून पाठवलं. दोन वर्षं फोन लावायचं तोंड नव्हतं मला. त्या गाठीमुळं हिंमत झाली."

"बादलीत..." मुनीबने लाकडाकडे बोट केलं. "बादलीत ठेवलं होतं ना, पंधरा दिवस?"

"तुमचं रोप बादलीत?" सरांना नवल वाटलं. "दुसऱ्या कुणाचं असतं तर ठेवलं असतं. हे घरी आणलं आन् सरळ टाकीत लावलं. तुमच्यावर दुसऱ्यांदा शक घेऊ काय?"

मुनीब खाली बसला. कोपरावरून ओघळणारं पाणी फरशीवर साचत होतं. अक्षदावहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती, ती तिथंच थांबली.

"शेवाळ आलं ते धम्मपालच्या माशांबरोबर," सरांनी लाकूड तसंच उलटं खाली ठेवलं आणि खिशातून मोबाईल काढला. "मागं दोन मासे आणले त्याच्याकडनं, त्याच पाण्यातनं आलं. सकाळीच लिहून ठेवलंय, ऐका. 'दोन वर्षांपूर्वी माझे मासे झुरळांच्या औषधाने मेले. मुनीबभाईंचा काही दोष नव्हता. मला कळलं होतं, तरी मी गप्प बसलो. त्यांची जाहीर माफी मागतो. शेवाळ धम्मपालच्या दुकानातून आलं आहे, तिथून कुणी काही घेऊ नका.' टाकू ग्रुपवर?"

याच ओळींसाठी मुनीबने दोन वर्षं रक्त आटवलं होतं. सरांचा अंगठा बटणावर होता. गप्प बसलं की झालं. नाव परत मिळत होतं, दुकान परत मांडता येत होतं. त्याच्या डोळ्यांपुढे धम्मपालचं दुकान आलं. फिरकणारं कुणी नसलेलं, आत एकटाच बसलेला धम्मपाल.

"थांबा, सर." तो म्हणाला. "शेवटची ओळ काढा. धम्मपालची चूक नाही."

"मग कुणाची?"

"माझी. माझं नाव लिहा. त्या लाकडातूनच आलंय."

 सरांचे डोळे भरून आले.

"बघितलं का गं?" ते वहिनीला म्हणाले. "दोस्तावर आळ येऊ नये म्हणून माणूस अंगावर घ्यायला निघालाय. आन् मी असल्या माणसाचा फोटो टाकला होता."

"सर, तसं नाही. खरंच सांगतोय, मीच—"

"व्हय, व्हय. कळलं मला." त्यांनी शेवटची ओळ खोडली, मुनीबच्या कौतुकाच्या दोन ओळी भराभर टाईप केल्या आणि मेसेज पाठवून दिला. लगेच कुणाचा तरी फोन आला. "व्हय, मुनीबच! बसलाय ना इथंच," असं हसत बोलत सर बाल्कनीत गेले.

वहिनी हसली नव्हती. तिने ट्रे खाली ठेवला आणि उलटं पडलेलं लाकूड उचललं. गाठीच्या आत, मुळांच्या बेचक्यात बोट घालून तिने तिथला काळा झुपका चिमटीत धरून पाहिला. सगळीकडचं शेवाळ पानांच्या कडेला होतं. हे मुळाशी होतं, दोऱ्याखाली दाबलेलं, जुनं आणि जाड. तिने मुनीबकडे पाहिलं. मुनीबने मान खाली घातली.

बाल्कनीतून सरांचा मोकळा आवाज येत होता.

"दोन वर्षांनी असे बोलायलेत," वहिनी हळू आवाजात म्हणाली. "आता सांगू नका त्यांना."

"वहिनी, मी—"

"बोलायचं नाही म्हणलं ना, भाऊ. चहा घ्या, आन् शेवाळ काढा. एक पान सोडायचं नाही."

मुनीबने चहा घेतला. मग तो कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून शेवाळ मारायला पेरॉक्साइडची बाटली आणि सिरिंज घेऊन आला. फिल्टर बंद करून तो टाकीपुढे गुडघ्यांवर बसला आणि त्याने पहिल्या पानाला हात घातला.